साध्यासाध्याचे दफ्तर

आयुर्वेदाच्या आचार्यांनी वैद्याला औषधाची पुडी बांधण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर देणे भाग पाडले होते, आणि तो प्रश्न म्हणजे समोरचा रोग साध्य की असाध्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी रोगांची वर्गवारी लावून दिलेली आहे, आणि जो वैद्य असाध्य रोगावर चिकित्सा आरंभतो तो धन, विद्या आणि कीर्ती या तिन्हींना मुकतो, असा इशाराही तेथेच दिलेला आहे. सुश्रुतांनी अर्बुदाचे, म्हणजे ज्याला आज आपण ट्यूमर म्हणतो त्या गाठीचे, वर्णन करताना ती गोल, स्थिर, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी असते असे सांगून, एका अर्बुदावर दुसरे अर्बुद उद्भवले की ते असाध्य समजावे, असा निर्णय दिला. सूक्ष्मदर्शकाचे नावही नसलेल्या काळात केवळ बोटांच्या स्पर्शाने आणि डोळ्यांच्या साक्षीने हा निर्णय करणाऱ्या त्या पुरुषांपुढे मस्तक लवते. पण त्यामागे किती रुग्णांचा अनुभव होता, त्यांतले कोण किती वर्षे जगले आणि कोण कोणत्या चिन्हानंतर गेले, याची फर्द आपल्या हाती आलेली नाही. निष्कर्ष उरला, दफ्तर उरले नाही.

मला या लेखात जो वृत्तांत सांगावयाचा आहे तो त्या दफ्तराचा आहे. गेल्या पाव शतकात अर्बुदातल्या जनुकांची अभिव्यक्ती मोजून रोगाची पुढची वाटचाल सांगण्याची जी विद्या उदयास आली तिची वर्णने सामान्यतः यंत्रांच्या अंगाने केली जातात. ती विद्या थोर आहे यात संशय नाही. परंतु तिचा इतिहास जसजसा वाचावा तसतसे माझे मत असे होत गेले आहे की, या विद्येला भाकिताचा अधिकार यंत्राने दिलेला नाही. तो कुणीतरी निष्ठेने लिहून ठेवलेल्या नोंदवह्यांनी दिला. स्तनाचा कर्करोग हे त्याचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण असल्यामुळे तेवढ्यापुरतेच मी येथे बोलतो.

लंडनचे मिडलसेक्स रुग्णालय १७४५ साली स्थापन झाले. १७९२ मध्ये जॉन हॉवर्ड नावाच्या शस्त्रवैद्याच्या सूचनेवरून आणि सॅम्युएल व्हिटब्रेड या धनाढ्य बिअर-उत्पादकाच्या देणगीतून तेथे कर्करोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र दालन उघडण्यात आले. ज्याचा रोग बरा होण्याची आशा नाही अशा माणसाला शक्यतो दारातूनच परत पाठवावे, असा रिवाज बहुतेक धर्मार्थ रुग्णालयांत रूढ होता. त्या काळात या दालनाचा दंडक मात्र असा ठरला की, येथे आलेल्या रुग्णाने त्याला हवे तितके दिवस राहावे, बरे वाटले तर घरी जावे, न वाटले तर येथेच शेवटचा श्वास घ्यावा. मुदतीची अट नव्हती. या दयाबुद्धीच्या दंडकातून, त्याच्या कर्त्यांच्या मनातही नसेल, असे एक फळ निघाले. रुग्ण अखेरपर्यंत एकाच छपराखाली राहिल्यामुळे त्याच्या रोगाचा आरंभ, क्रम आणि अंत हे तिन्ही एकाच वहीत उतरत गेले.

त्या वह्या कुणी रद्दीत घातल्या नाहीत. १९६२ साली ब्लूम, रिचर्डसन आणि हॅरीस या तिघांनी १८०५ ते १९३३ या काळातल्या त्या कागदपत्रांतून, स्तनाचा कर्करोग असूनही ज्यांच्यावर काहीही उपचार झालेला नव्हता अशा २५० स्त्रियांची नोंद वेचून काढली. रोगाचे पहिले लक्षण दिसल्यापासून मोजले तर त्यांतल्या निम्म्या स्त्रिया २.७ वर्षांच्या आत गेलेल्या होत्या. पाच वर्षे ओलांडणाऱ्या शंभरात १८ आणि दहा वर्षे ओलांडणाऱ्या शंभरात चारही नव्हत्या. हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, तरी त्यांचे मोल असे की कोणत्याही उपचाराचा खरा लाभ मोजावयाचा तर उपचार नसताना काय होते, हे आधी ठाऊक असावे लागते. वैद्यकाने ज्यांना काहीही दिले नाही अशा त्या २५० जणींनी वैद्यकाला मापनाची आधाररेषा दिली. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण मात्र आजच्या प्रत्येक रुग्णावर आहे.

याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दुसरे एक काम चालू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्लिनच्या विरशोने रोगाचे अधिष्ठान पेशीत आहे हे सिद्ध केल्यापासून गाठीचा पातळ काप काढून, तो रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हा विकृतिशास्त्रज्ञांचा नित्याचा व्यवसाय झाला होता. पण काच पाहून कर्करोग आहे किंवा नाही एवढाच जबाब दिला जाई. सगळे कर्करोग सारखेच क्रूर नसतात हे प्रत्येक अनुभवी डॉक्टर मनोमन जाणत असे. ते काचेवर ओळखावे कसे, हा प्रश्न होता. अमेरिकेत ब्रॉडर्सने १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगाच्या आणि ग्रीनोने १९२५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या प्रती लावून पाहिल्या. मिडलसेक्समध्ये पेटी आणि स्कार्फ यांनी १९२८ साली ही पद्धत उचलली. १९५७ साली ब्लूम आणि रिचर्डसन यांनी तिला जे रूप दिले ते थोड्याफार दुरुस्तीने आजतागायत टिकून आहे. मुंबई-पुण्याकडच्या कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला अहवाल उघडावा, त्यात या जोडनावाची श्रेणी लिहिलेली दिसते, आणि ती वाचणाऱ्या कुटुंबाला त्या दोन नावांमागे एक शतकभराचे दालन उभे आहे याची कल्पना नसते.

त्यांची रीत तीन प्रश्नांची होती. पेशी अजून नलिका रचण्याचे आपले मूळ शील राखून आहेत काय? त्यांची केंद्रके एकसारखी आहेत की वेडीवाकडी? आणि किती पेशी विभाजनाच्या ऐन क्षणी पकडल्या गेलेल्या आहेत? प्रत्येक प्रश्नाला एक ते तीन गुण द्यावयाचे, बेरीज करावयाची, आणि त्या बेरजेवरून पहिली, दुसरी किंवा तिसरी श्रेणी लावावयाची. रीत इतकी साधी, पण तिला वजन आले ते तिच्यामागच्या १,४०९ रुग्णांच्या नोंदींमुळे, आणि त्यांतही ज्या ३५९ जणींचा माग त्यांनी पुरती पंधरा वर्षे घेतला होता त्यांच्यामुळे. पंधरा वर्षे एखाद्या स्त्रीची खुशाली विचारीत राहणे म्हणजे काय, याचा विचार वाचकाने क्षणभर करावा. पत्ते बदलतात, लग्ने होतात, मध्ये एक महायुद्ध होऊन जाते. तरी कुणी कारकून, कुणी परिचारिका, कुणी डॉक्टर पत्र घालतो, उत्तराची वाट पाहतो आणि वहीत एक ओळ लिहितो. विज्ञानाच्या इतिहासात या ओळींना मथळा मिळत नाही, आणि मला वाटते ही आपल्या इतिहासलेखनाची मोठी उणीव आहे.

या श्रेणीपद्धतीत एक व्यंग होते. पहिली श्रेणी दिलासा देई, तिसरी सावध करी, पण मधल्या दुसऱ्या श्रेणीत रुग्णांचा जो मोठा जमाव पडे त्याला काय सांगावे हे कुणालाच कळत नसे. शिवाय एकच काच दोन परीक्षकांनी पाहिली तर मतभेद व्हावा, असाही प्रकार वारंवार घडे. १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी नियम अधिक काटेकोर केले, त्याने पुष्कळ सुधारणा झाली; मधली श्रेणी मात्र मधलीच राहिली. दरम्यान अन्य वाटांनीही शोध चालू होताच. ग्लासगोच्या बीटसनने १८९६ साली बीजकोश काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातला रोग मागे हटतो हे दाखविले होते. ते सर्वांच्याच बाबतीत का घडत नाही, याचा उलगडा पुढे शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारे ग्राही प्रथिन शोधून केला, आणि तेव्हापासून गाठीत हे प्रथिन आहे की नाही ही चौकशी अपरिहार्य ठरली. ही चौकशी म्हणजे वस्तुतः एका जनुकाच्या अभिव्यक्तीचीच चौकशी होती, जरी त्या वेळी तिला तसे कुणी म्हणत नसे.

अभिव्यक्ती हा शब्द येथे थोडा उकलून सांगितला पाहिजे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी काम केले आहे त्यांना तो समजावयास वेळ लागणार नाही. तेथे कागदांचे गठ्ठे रुमालांत बांधून ठेवलेले असतात. रुमाल अगणित, पण एखाद्या दिवशी त्यांतले मोजकेच सोडले जातात, आणि हवा असेल त्या कागदाची तेवढी नक्कल उतरवून घेतली जाते. देहातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ असे वारशाने आलेले समग्र दफ्तर असते. यकृताच्या पेशीजवळ जे कागद, तेच त्वचेच्या पेशीजवळ. भेद एवढाच की एक पेशी एका जातीचे रुमाल सोडते, दुसरी दुसऱ्या जातीचे. ज्या जनुकाचा कागद बाहेर निघतो त्याच्या नकला आरएनए या रेणूच्या रूपाने उतरतात, आणि त्या नकलांबरहुकूम पेशीत प्रथिने घडतात. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या, ही त्या जनुकाची अभिव्यक्ती. कर्करोगाच्या पेशीत या दफ्तराची नासधूस झालेली असते: काही कागद फाटलेले, काहींवर खाडाखोड, काही अनेकवार नोंदलेले. विभाजनाचा हुकूम, जो क्वचित निघावयाचा, तो अहोरात्र निघत राहतो. पहाऱ्याचा हुकूम, जो सदैव जारी असावयाचा, तो निघतच नाही. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की स्तनाच्या काही कर्करोगांत हर-टू या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक झालेल्या असतात, आणि अशा रुग्णांत रोग लवकर उलटतो. त्या एका जनुकावर नेम धरणारे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि जे भाकीत सर्वांत अशुभ समजले जाई तेच उपचाराचे दार ठरले.

पण हे सगळे एकेका कागदाचे वाचन होते. १९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक ब्राउन यांच्या प्रयोगशाळेने मोहरीच्या कुळातील एका रोपट्याच्या ४५ जनुकांचे ठिपके काचेवर मांडून, त्या सर्वांच्या नकला एकाच वेळी मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर पाच वर्षांत ठिपक्यांची संख्या हजारोंवर गेली. १९९९ मध्ये रक्ताच्या दोन कर्करोगांतला भेद केवळ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून ओळखता येतो हे दिसले. पुढच्या वर्षी लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात दोन निराळे रोग दडलेले आहेत आणि त्यांचा शेवटही निराळा होतो, हे दिसले. आणि त्याच वर्षी पेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ व्यक्तींच्या ६५ नमुन्यांवरून स्तनाच्या कर्करोगाच्या जाती लावल्या. त्यांनी एकाच गाठीचे औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे नमुने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मध्ये कित्येक आठवड्यांचा रसायनोपचार होऊन गेला असतानाही बहुतेक जोड्या परस्परांनाच सर्वांत जवळच्या निघाल्या. माणसाची जशी ठेवण, तशी गाठीचीही एक ठेवण असते आणि ती सहजासहजी पुसली जात नाही, हे त्यातून कळले.

ठेवण कळली, भविष्य कसे कळावे? येथे आपण ॲमस्टरडॅमला येतो. तेथल्या कर्करोगसंस्थेची स्थापना १९१३ सालची, आणि तिच्या रुग्णालयाला अंतोनी व्हान लेवेनहूक या डेल्फ्टच्या कापडव्यापाऱ्याचे नाव दिलेले आहे, ज्याने सतराव्या शतकात स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातली जीवसृष्टी जगात प्रथम पाहिली. या संस्थेत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा एक तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून जपून ठेवण्याचा परिपाठ होता. १९८४ साली असा तुकडा शीतपेटीत ठेवणाऱ्या माणसाला त्यातून पुढे काय निघेल याची कल्पना असणे शक्यच नव्हते. हजारो जनुके एकदम मोजणारे साधन अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हते. तुकडा ठेवला गेला, त्यावर खूण घातली गेली, आणि ज्या स्त्रीचा तो तुकडा तिची वर्षानुवर्षांची हकिकत निराळ्या कागदावर उतरत राहिली.

लॉरा व्हान्ट वेअर, रेने बर्नार्ड्स आणि त्यांच्या मंडळींनी अमेरिकेतील एका प्रयोगशाळेच्या साह्याने हे तुकडे बाहेर काढले. २००२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या निबंधात ७८ रुग्णा होत्या: सर्व पंचावन्न वर्षांच्या आतल्या, सर्वांच्या काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ, म्हणजे जुन्या कसोट्यांप्रमाणे जवळजवळ सारख्याच. त्यांतल्या ३४ जणींच्या देहात पाच वर्षांच्या आत रोग दूरवर पसरला होता, ४४ जणी त्या मुदतीत सुखरूप होत्या. सुमारे २५,००० जनुकांच्या नकला मोजून, या दोन गटांत ज्यांचा आविष्कार ठळकपणे भिन्न होता अशी जनुके चाळत चाळत ते ७० वर आले. पेशीच्या विभाजनाशी संबंधित, शेजारच्या ऊतीत शिरकाव करण्याशी संबंधित, नवीन रक्तवाहिन्या ओढून घेण्याशी संबंधित अशी ती जनुके होती. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हान द व्हाइव्हर यांनी त्याच शीतपेटीतल्या २९५ स्त्रियांच्या तुकड्यांवर ही कसोटी लावली. सत्तर जनुकांच्या साक्षीने ११५ जणी शुभ गटात आल्या, १८० जणी अशुभ गटात. आणि कागद उघडून पाहता शुभ गटातल्या ९४.५ टक्के स्त्रिया दहा वर्षांनंतर हयात होत्या, अशुभ गटातल्या ५४.६ टक्के.

या निकालावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते रास्त होते. २९५ पैकी ६१ स्त्रिया पहिल्या अभ्यासातल्याच होत्या. ज्या विद्यार्थ्यांवरून प्रश्नपत्रिका बेतली त्यांनाच पुन्हा परीक्षेला बसविण्यासारखा तो प्रकार झाला, असे टीकाकारांनी म्हटले तर त्यांना दोष देता येत नाही. पण मला त्या यादीत दुसरीच एक गोष्ट अधिक अर्थपूर्ण वाटते. ग्रंथी स्वच्छ असलेल्या १५१ स्त्रियांपैकी केवळ दहा जणींना शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार किंवा संप्रेरकोपचार मिळालेला होता, कारण त्या काळची तेथली रीतच तशी होती. बाकीच्यांच्या देहात रोगाने आपला स्वभाव औषधाच्या आडकाठीशिवाय प्रकट केला, म्हणूनच जनुकांची भाषा आणि रोगाची गती यांचा मेळ इतका स्वच्छ दिसला. मिडलसेक्सच्या २५० आणि ॲमस्टरडॅमच्या या स्त्रिया, मध्ये निदान पन्नास वर्षांचे अंतर, पण ज्ञानाची किंमत मोजणाऱ्या त्याच.

अमेरिकेत वाट थोडी वेगळी होती. गोठवलेल्या ऊती सर्वत्र कोठून मिळणार? रोजच्या व्यवहारात गाठ फॉर्मालिनमध्ये पडते आणि मग मेणाच्या ठोकळ्यात बसते. त्यात आरएनएचे तुकडे तुकडे होतात. त्या तुकड्यांनाही बोलते करण्याची पद्धत बसविण्यात आली, आणि २००४ साली सूनम्युंग पेक यांनी १९८० च्या दशकात झालेल्या एका जुन्या चिकित्साप्रयोगातील ६६८ ठोकळ्यांवर २१ जनुकांची कसोटी लावली. दहा वर्षांत रोग दूरवर उद्भवण्याचे प्रमाण खालच्या गटात ६.८ टक्के, वरच्या गटात ३०.५ टक्के निघाले. येथेही कपाटात वीस वर्षे पडून राहिलेल्या मेणाने साक्ष दिली.

यानंतर काही वर्षे अशा याद्यांचे पीक आले. प्रत्येक प्रयोगशाळेची यादी निराळी, एकीतली जनुके दुसरीत क्वचितच, आणि तरीही भाकिते बऱ्याच अंशी जुळत. २०११ साली ब्रुसेल्सच्या व्हेने, दुमाँ आणि देतूर यांनी या कोड्याची जी छाननी केली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत निर्भीड वाटते. त्यांनी प्रसिद्ध झालेल्या ४७ याद्या घेतल्या आणि त्यांच्यासमोर डोळे मिटून उचललेल्या तितक्याच जनुकांच्या याद्या ठेवल्या. २८ याद्या या वाटेल तशा उचललेल्या जनुकांपेक्षा निश्चितपणे सरस ठरल्या नाहीत. जेवणानंतरच्या हसण्याचा रक्तपेशींवर होणारा परिणाम पाहण्यासाठी निवडलेली जनुकेसुद्धा स्तनाच्या कर्करोगाचे भविष्य सांगताना दिसली. कारण शोधता असे आढळले की पेशी वेगाने विभागत असली की तिच्या दफ्तरातले अर्धेअधिक व्यवहार त्या वेगाशी बांधले जातात. म्हणून कोणतीही मूठभर जनुके उचलली तरी तोच वेग हाताला लागतो. आणि हा वेग म्हणजे काय? ब्लूम आणि रिचर्डसन यांनी काचेवर विभागणाऱ्या पेशी मोजून जो टिपला होता, तोच. क्रिस्टोस सोतिरियू यांनी २००६ मध्ये श्रेणीशी निगडित ९७ जनुके निवडून दाखविले होते की ती गोंधळाची दुसरी श्रेणी मुळात एकसंध नाहीच. तिच्यातल्या काही गाठी पहिलीची भावंडे आहेत, काही तिसरीची. जुन्या परीक्षकांची नजर चुकीची नव्हती. जेथे नजर पोचत नव्हती तेथे नवी मोजणी पोचली, एवढेच या दोन विद्यांमधले नाते आहे, आणि ते वैराचे नाही.

ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो निवाडा अखेर रुग्णांच्या सहभागानेच झाला. २००७ ते २०११ या काळात युरोपातल्या नऊ देशांत ६,६९३ स्त्रिया एका प्रयोगात सामील झाल्या. जुन्या कसोट्यांनी ज्यांना धोका अधिक, पण सत्तर जनुकांनी कमी, अशा १,५५० जणींना चिठ्ठ्या टाकाव्या तसे विभागून अर्ध्यांना रसायनोपचार दिला गेला, अर्ध्यांना नाही. २०१६ साली निकाल आला: उपचार न घेतलेल्यांपैकी ९४.७ टक्के पाच वर्षांनंतर दूरस्थ प्रसारावाचून होत्या, आणि उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण केवळ दीड टक्क्याने अधिक होते. पुढे अधिक काळ माग घेतल्यावर पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत हा फरक सुमारे पाच टक्क्यांचा निघाला, पन्नाशीनंतर तो जवळजवळ नाहीसाच. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या १०,२७३ स्त्रियांच्या प्रयोगाने २०१८ मध्ये एकवीस जनुकांच्या कसोटीबाबत पुष्कळसा असाच कौल दिला. केस गळणे, उलट्या, तोंड सोलवटणे, क्वचित हृदयालाही इजा, हे सारे ज्यांना विनाकारण सोसावे लागले असते अशा असंख्य स्त्रियांची त्यातून सुटका झाली. आचार्यांनी साध्यासाध्यविचार सांगितला तो वैद्याची कीर्ती राखण्यासाठी. या नव्या विचाराने रुग्णाचा देह राखला, आणि माझ्या मते हे पाऊल त्याहून मोठे आहे.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध आहे, आणि तोही दफ्तराच्याच वाटेने येतो. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाकडे आली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून मुंबईत भारतातली त्या प्रकारची पहिली प्रयोगशाळा उभी केली, आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध उंदरांवर अभ्यासला. १९६३ च्या जूनमध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग सोसायटीने मुंबईच्या लोकवस्तीची कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली. आणि १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागाची पहिली नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत रुग्ण आपण होऊन रुग्णालयाची पायरी चढत नाही, तेव्हा नोंद करणाऱ्यांनीच गावोगाव जावे, सरपंचाला, शिक्षकाला, आयाबायांना विचारावे, संशयित रुग्ण शोधावा आणि वहीत लिहावा, अशी ती पद्धत. मिडलसेक्सच्या दालनात रुग्ण वहीपाशी आला. बार्शीत वही रुग्णापाशी गेली.

असे असूनही जनुकांच्या त्या प्रसिद्ध कसोट्या ज्या दफ्तरांवर घडल्या त्यांत आपल्या स्त्रिया नाहीत. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांच्या मानाने लहान वयात आढळतो, गाठ पुष्कळदा मोठी झाल्यावर डॉक्टरांना दाखविली जाते, आणि त्या कसोट्यांचा खर्च सामान्य घराच्या आवाक्यापलीकडचा आहे. आपल्या गाठींचे भाकीत आपल्याच गाठींनी सांगावे असे वाटत असेल तर मेणाचे ठोकळे जपले पाहिजेत, आणि त्या ठोकळ्याच्या धनिणीचे पुढे काय झाले ते कागदावर आले पाहिजे. पहिले काम प्रयोगशाळांचे आहे. दुसरे त्यांच्या एकट्याच्याने होणारे नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. ज्यांच्या घरात हा रोग येऊन गेला असेल त्यांनी अहवाल, काचा आणि ठोकळ्यांच्या पावत्या टाकून देऊ नयेत; आणि दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी रुग्णालयातून खुशाली विचारणारे पत्र किंवा फोन आला तर, बातमी सुखाची असो वा दुःखाची, ती अवश्य कळवावी.